अक्षराला किती ठिपके लागतात

हडपसरमध्ये कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघण्याच्या दोन तऱ्हा शेजारीशेजारी नांदतात. मगरपट्ट्याच्या सायबर सिटीत, अमनोराच्या टॉवरमध्ये किंवा पुढे फुरसुंगीच्या आयटी पार्कात मॉनिटर निवडताना पहिला प्रश्न असतो तो एका वेळी किती मावतं हा. कोडच्या किती ओळी दिसतात, एक्सेलचे किती कॉलम बसतात, दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडता येतात का. गाडीतळाच्या आसपास, जिथे ऑनलाइन फॉर्म, भाडेकरार, सातबाराचे उतारे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं चालतात, तिथे नेमका उलटा प्रकार दिसतो. मॉनिटर फुल एचडी असतो, पण सेटिंगमध्ये जाऊन त्याचं रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणलेलं असतं, कारण एकच: अक्षरं बारीक दिसतात. मराठी मजकूर दिवसभर स्क्रीनवर वाचणं आणि तपासणं हेच माझं काम असल्यामुळे या दोन्ही तऱ्हांशी माझा रोजचा संबंध येतो, आणि माझं मत असं बनलं आहे की दोन्हीकडे मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. आपण जेवढ्या अंतरावर बसतो तेवढ्या अंतरावरून, आपण ज्या लिपीत काम करतो त्या लिपीचं अक्षर न अडखळता ओळखायला किती ठिपके लागतात, हे आधी ठरवायला हवं. देवनागरीसाठी हा आकडा रोमनपेक्षा बराच मोठा येतो. खरेदीचे निकष मात्र रोमन अक्षरं आणि आकड्यांचे तक्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात, आणि मराठी वाचणाऱ्याच्या टेबलावरही तोच मॉनिटर येऊन पडतो.

आधी दुकानातली गोष्ट घेऊ, कारण तिथली गरज खरी आहे आणि उपाय तेवढा चुकलेला आहे. जुन्या काचेच्या, पोटवाल्या मॉनिटरवर रिझोल्यूशन खालीवर केलं तरी चित्र बऱ्यापैकी नीट दिसायचं. त्यात ठिपके असे ठाम जागेवर बसवलेले नसत, त्यामुळे ती सवय तिथूनच आली असावी. एलसीडीचं तसं नाही. २४ इंची फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात. त्याला १२८० बाय ७२० दाखवायला सांगितलं की चित्रातला प्रत्येक ठिपका खऱ्या दीड ठिपक्यावर पसरावा लागतो, आणि अर्धा ठिपका नावाची वस्तू पडद्यावर नसते. मग शिरोरेषेचं काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. एक ठिपका जाडीची ती काळी रेघ एका ओळीत काळी आणि शेजारच्या ओळीत करडी होते. पुढच्या ओळीतल्या मजकुरात ही करडी कड कधी वर सरकते, कधी खाली. अक्षर मोठं झालं, पण त्याची कड गेली. फॉर्म भरणाऱ्याला हे चालून जातं. गट नंबर वाचणाऱ्याला चालू नये, कारण अशा कड गेलेल्या अक्षरांत देवनागरी १ आणि ९ एकमेकांच्या फार जवळ येतात, आणि त्या दोघांच्या मधे दुसऱ्याची जमीन असते. अक्षर मोठं हवं असेल तर रिझोल्यूशन पडद्याचं जे मूळ आहे तेच ठेवून विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के करावं. तेव्हा विंडोज अक्षर नव्यानं, जास्त ठिपक्यांत काढतं. आधीच काढलेल्या अक्षराला ताणत नाही. या एका बदलाला पैसा लागत नाही, तरी तो केलेला क्वचितच दिसतो.

आता आकडे. रिझोल्यूशनचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो पडद्याच्या लांबीरुंदीवर पसरला की अर्थ येतो. १९२० बाय १०८० हेच रिझोल्यूशन २४ इंची पडद्यावर इंचाला ९२ ठिपके देतं आणि २७ इंचीवर ८२च्याही खाली जातं. म्हणजे 'मोठा मॉनिटर घेतला' या आनंदात अक्षराची घडण आणखी ढोबळ झालेली असते. २७ इंचीवर २५६० बाय १४४० घेतलं तर इंचाला १०९ ठिपके होतात, आणि ज्याला सगळे फोर-के म्हणतात ते ३८४० बाय २१६० घेतलं तर १६३. दुसरी बाजू डोळ्याची. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो, असं नेत्रतपासणीच्या तक्त्यामागचं गणित धरतं. ऑफिसच्या टेबलावर आपण पडद्यापासून साठेक सेंटिमीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर हा कोन ०.१७ मिलिमीटरचा होतो. २४ इंची फुल एचडीचा ठिपका ०.२७ मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा असतो, २७ इंची फोर-केचा ०.१५च्या थोडा वर. पहिल्या पडद्यावर डोळ्याची ताकद शिल्लक राहते आणि ठिपके संपतात. दुसऱ्यावर ठिपके डोळ्याला पुरून उरतात. तिरप्या रेषेतली पायरी ओळखण्यात तर डोळा या हिशेबापेक्षाही तीक्ष्ण असतो, म्हणून इकाराच्या वेलांटीचा वळणदार भाग कमी ठिपक्यांत करवतीसारखा दिसतो.

यावर सायबर सिटीतला कुणीही विचारेल की इंग्रजीत काम करणारे हजारो लोक २४ इंची फुल एचडीवर दिवस काढतात, तक्रार करत नाहीत, मग मराठीचंच एवढं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर लिपीच्या बांधणीत आहे. विंडोजवर १०० टक्के स्केलिंग असताना १२ पॉइंटच्या अक्षराला उभे १६ ठिपके मिळतात. रोमन अक्षराचा बहुतेक खेळ मधल्या पट्ट्यात चालतो. वर बी-डीची दांडी, खाली जी-वायची शेपटी, संपलं. देवनागरीत याच १६ ठिपक्यांत तीन मजले बांधायचे असतात. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत साधारण नऊ-दहा ठिपके जातात, फॉन्टप्रमाणे थोडं इकडेतिकडे. उरलेल्या सहा-सात ठिपक्यांत वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, रकार बसवायचे. 'कार्यकर्त्यांनी' हा शब्द घ्या, रोजच्या बातमीतला. 'र्त्यां'मध्ये शिरोरेषेच्या वर रफाराचा आकडा आहे आणि त्याला चिकटून अनुस्वाराचा टिंब. या दोघांना मिळून उंचीला तीन ठिपके मिळतात. रफाराचं टोक कुठे संपतं आणि अनुस्वार कुठे सुरू होतो हे त्या तीन ठिपक्यांत दाखवणं कुठल्याही फॉन्टकाराला अवघड आहे. आणि मराठी टायपिंगमध्ये सगळ्यात जास्त गळतो तो हाच अनुस्वार. 'सर्वांना' आणि 'सर्वाना' यांतला फरक डोळा पाहत नाही, मन संदर्भावरून भरून घेतं. तपासणाऱ्यानं मनाचं ऐकलं की चूक छापली जाते. खालच्या मजल्यावर 'कर्तृत्व'मधला ऋकार, 'सुत' आणि 'सूत' यांतले उकार, मधल्या मजल्यावर 'घन' आणि 'धन', 'भान' आणि 'मान', 'ष्ट' आणि 'ष्ठ'. 'खत' आणि 'खंत' यांच्यामधे तर एक-दोन ठिपक्यांचाच प्रश्न असतो.

पडद्यावर अक्षर गुळगुळीत दाखवण्याची जी युक्ती विंडोज एक्सपीपासून घराघरांत पोचली, ती क्लिअरटाइप, तीही या लिपीच्या पदरात कमीच टाकते. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन उभे तुकडे शेजारीशेजारी असतात; क्लिअरटाइप त्यांना वेगवेगळं पेटवून आडव्या दिशेत जास्त बारकावा मिळवतं. रोमनमध्ये आय, एल, एम, एन ही अक्षरं उभ्या दांड्यांची, त्यामुळे तिला याचा मोठा फायदा. देवनागरीची गर्दी मजल्यांची, म्हणजे उभ्या दिशेतली, आणि तिथे जुन्या क्लिअरटाइपकडे देण्यासारखं काही नव्हतं. नव्या ब्राउझरमध्ये उभ्या दिशेतही कडा करड्या करून मऊ केल्या जातात, पण करडा रंग भरून अनुस्वार आणि रफार वेगळे होत नाहीत. मॅकनं तर २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून ही रंगीत तुकड्यांची युक्ती सोडूनच दिली. स्वतःचा पडदा इंचाला दोनशेहून जास्त ठिपक्यांचा असल्यावर त्यांना तिची गरज नव्हती. पण तोच मॅकबुक ऑफिसच्या २४ इंची फुल एचडीला जोडला की मराठी अक्षरं एकदम विरळ आणि धुरकट दिसतात. दोष लॅपटॉपला दिला जातो.

फॉन्टचा आक्षेप याहून जास्त वजनदार आहे. चांगला फॉन्ट असेल तर कमी ठिपक्यांतही काम भागतं, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं पुण्याचाच इतिहास उभा आहे. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकनं जिस्ट तंत्रज्ञानातून भारतीय लिपी पीसीच्या पडद्यावर आणल्या, त्या काळच्या पडद्यांचं रिझोल्यूशन आजच्या स्वस्तात स्वस्त फोनपुढेही लाजेल इतकं कमी होतं, तरी सरकारी कचेऱ्यांची कामं झाली. विंडोज २०००बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराच्या हातचा, आणि त्यातली अक्षरं ढोबळ म्हणून हिणवणारे हे विसरतात की तो त्या वेळच्या पडद्यांसाठी घडवलेला होता. विंडोज ८पासून निर्मला आला, पुढे 'एक टाइप' या फॉन्टकार मंडळींचा 'मुक्त' आला, आता निवडीला वाव आहे. हे सगळं मान्य. पण फॉन्टकार करतो ते तडजोडीचं काम असतं: मात्रा दाबायच्या, पोकळ्या भरू नयेत म्हणून दांड्या बारीक करायच्या, जोडाक्षराचा खालचा भाग आखडता घ्यायचा. तो जेवढा हुशार तेवढी तडजोड कमी दिसते. तडजोड करायला लावतो तो पडदा, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती अपरिहार्य होती तशी आज नाही.

मुद्रितशोधकांची कागदी प्रिंट मागण्याची सवयही मला याच पुराव्यात धरावीशी वाटते. तिला जुनं वळण म्हटलं जातं, वयाशी जोडलं जातं, कागदाची नासाडी म्हणून बोल लावला जातो. पण साधा लेझर प्रिंटर इंचाला ६०० ठिपके टाकतो आणि समोरचा पडदा ९२. तोच मजकूर कागदावर सहापटींहून बारीक घडणीत दिसतो, आणि स्क्रीनवर तीन वेळा वाचूनही न दिसलेला गळका अनुस्वार कागदावर पहिल्या वाचनात सापडतो, याला डोळ्यांचं कारण आहे, सवयीचं नाही. 'शेवटी कागदावर छान छापलं जाणार, मग पडदा कसा का असेना' हा युक्तिवाद इथेच उलटतो: जे छान छापलं जाणार ते बरोबर आहे का, हे ठरवणारा माणूस कमी दिसणाऱ्या जागी बसलेला असतो. आणि आता तर मजकूर बहुतेकदा कागदावर जातच नाही, फोनवर जातो. साडेसहा इंची साध्या फोनचा पडदा ७२० बाय १६००चा धरला तरी इंचाला २७० ठिपके होतात. फोन जवळ धरला जातो, तेव्हा तुलना अंतर जमेस धरूनच करायला हवी. तेहेतीस सेंटिमीटरवरचे २७० म्हणजे साठ सेंटिमीटरवरचे दीडशेच्या आसपास. तरीही पीएमपीच्या बसमध्ये उभ्या उभ्या बातमी वाचणाऱ्याला तीच बातमी तपासणाऱ्यापेक्षा दीडपटीहून बारीक दिसतं. चुका वाचकाला सापडतात आणि कचेरीत सापडत नाहीत, यात मग नवल ते काय.

झूम करून वाचा, हा सल्ला मी कमी लेखत नाही. फुल एचडीवर पान दीडपट केलं की अक्षराला २४ ठिपके मिळतातच, आणि एकच मजकूर सलग वाचायचा असेल तर यापेक्षा जास्त खर्च करण्याचं कारण नाही. अडचण होते ती दोन मजकूर शेजारी ठेवायचे असतात तेव्हा. भाषांतर तपासताना डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. करारनामा तपासताना जुना मसुदा आणि नवा. दीडपट झूमला पानाचा जेमतेम ४४ टक्के भाग पडद्यावर उरतो, मग माणूस सारखा खालीवर सरकवत राहतो किंवा कंटाळून झूम पुन्हा शंभरावर आणतो. बहुतेक वेळा दुसरंच होतं. २७ इंची फोर-केवर स्केलिंग १७५ टक्के ठेवलं की अक्षराचा दिसणारा आकार जवळपास २४ इंची फुल एचडीइतकाच राहतो, उंचीला मात्र १६ऐवजी २८ ठिपके मिळतात, क्षेत्रफळात तिप्पट, आणि पानही थोडं जास्तच मावतं. रफार आणि अनुस्वार यांना मग तीनऐवजी पाच ठिपके येतात, आणि त्यांच्यामधे पांढरी फट दिसते.

खर्चाचं म्हणाल तर असा मॉनिटर साध्या २४ इंचीच्या दुप्पट ते तिप्पट किमतीला पडतो, आणि दोनशे टेबलांच्या कचेरीत ही मागणी कुणी मान्य करणार नाही. करूही नये. कोड लिहिणाऱ्याला, हिशेब बघणाऱ्याला आहे ते पुरतं. हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कॅडवाल्याला मोठा पडदा आणि चांगलं ग्राफिक कार्ड आधी हवं असतं. माझं म्हणणं मराठी वाचणाऱ्या दोन-चार टेबलांपुरतं आहे. कॉम्प्युटर चार-पाच वर्षांनी बदलतो, मॉनिटर त्यापेक्षा जास्त टिकतो, आणि प्रिंट काढण्याचा खर्च त्या टेबलांवर रोज चालूच असतो. फक्त घेताना तारेकडे आणि खोबणीकडे बघावं. जुन्या कॉम्प्युटरला एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के सेकंदाला तीसच वेळा ताजं होतं, माऊस अडखळत चालतो, आणि लोक वैतागून रिझोल्यूशन पुन्हा खाली आणतात. ६० हवे असतील तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं.

वयाचा मुद्दा लोक दबक्या आवाजात काढतात. चाळिशीनंतर एवढं बारीक दिसणारच नसेल तर ठिपके वाढवून उपयोग काय? चाळिशीत कमी होते ती डोळ्याची जवळ-लांब जुळवून घेण्याची क्षमता, आणि ती चष्म्यानं भरून निघते. गंमत अशी की वाचनाचा चष्मा बहुधा हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा, पस्तीस-चाळीस सेंटिमीटरचा असतो आणि मॉनिटर त्याच्या दीडपट लांब असतो. नंबर काढताना पडद्याचं अंतर मोजून सांगणारे फार थोडे. ज्यांचा चष्मा अंतराला जुळत नाही त्यांना फोर-केचा फायदा खरोखरच कमी मिळेल. त्यांनी आधी चष्मा बदलावा. आणि डोळ्यांचा थकवा जाईल असं आश्वासन मी कुठल्याच पडद्याच्या वतीनं देणार नाही. खोक्यावर 'आय केअर' छापणाऱ्यांनी ते द्यावं. एकटक बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, त्याला ठिपके काय करणार.

एका ठिकाणी मात्र माझा युक्तिवाद थांबतो. पत्रिका, हँडबिलं आणि छोट्या पुस्तकांची कामं करणारी कितीतरी दुकानं अजून पेजमेकर आणि युनिकोडपूर्वीचे फॉन्ट यांवर चालतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची; तिला स्केलिंग ठाऊकच नाही. फोर-केवर ती एक तर मुंगीएवढे मेनू दाखवते किंवा विंडोज तिचं आख्खं चित्र ताणून मोठं करतं, म्हणजे शिरोरेषा पुन्हा तशीच करडी. 'युनिकोडकडे वळा' हे सांगणं सोपं आहे, पण वर्षानुवर्षांच्या फाइली, सवयीचा कीबोर्ड आणि ठरलेलं गिऱ्हाईक असताना एका मॉनिटरसाठी कुणी घडी मोडणार नाही. अशा दुकानानं २७ इंची २५६० बाय १४४० घ्यावा, स्केलिंग १००वर ठेवावं, पडदा थोडा जवळ ओढावा आणि पेजमेकरमध्ये पान मोठं करून बघावं. अनुस्वार तपासायला प्रिंट काढावीच लागेल.

बाकीच्यांनी दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपलाच एखादा पानभर मजकूर न्यावा. शोरूममध्ये मॉनिटरवर समुद्र, पोपट आणि फुलं फिरत असतात. त्या चित्रांत कुठलाही पडदा वाईट दिसत नाही. पान उघडायला सांगावं, स्केलिंग आपल्या सवयीच्या आकाराइतकं लावून घ्यावं, टेबलावर बसतो तेवढं अंतर धरावं, आणि 'कार्यकर्त्यांनी', 'कर्तृत्व', 'प्रतिष्ठा' हे शब्द सावकाश वाचावेत. त्याच पानावर एखादा अनुस्वार मुद्दाम गाळून ठेवला असेल आणि कुठला ते आपण विसरलो असू, तर आणखी चांगलं.